आडवा हात

पलीकडच्या काठावरच्या क्रेन एकेक करून बारीक होत गेल्या, आणि एक तेवढी झाली नाही. शेंगदाणा तोंडाकडे नेत होतो, तो हात तसाच राहिला. कॉर्निशच्या, म्हणजे आखातातल्या या शहराच्या किनारी रस्त्याच्या, कठड्यावर मी आणि कुरियाकोस पाण्याकडे पाय सोडून बसलो होतो, मध्ये शेंगदाण्यांची पुडी. जुम्म्याची नमाज होऊन गेली होती आणि कामगारांच्या कॅम्पची बस यायला अजून अवकाश होता. खाडीपलीकडे वेस्ट बेचे मनोरे, त्यांच्या डोक्यावर आमच्या क्रेन. सुट्टीच्या दिवशी तिकडे बघायचं नाही असं मी दर शुक्रवारी ठरवतो आणि दर शुक्रवारी बघतो. वारा नसला की त्या कशाही उभ्या असतात, कुणाचा हात पूर्वेला, कुणाचा पश्चिमेला, मासळीबाजारातल्या भांडणासारख्या. मग शमाल सुटला, वाळू घेऊन येणारा उत्तरेचा वारा. काम संपवून उतरताना क्रेनच्या मानेचा ब्रेक सोडून ठेवायचा असतो, म्हणजे वारा येईल तसा तो लांब हात आपोआप फिरतो आणि वाऱ्याला पाठ देऊन उभा राहतो. आज वारा तिकडून आमच्याकडे येत होता, म्हणून सगळे हात आमच्या दिशेने वळले. आपल्यावर रोखलेला हात लांबून दिसत नाही, नुसता खांब दिसतो. बघता बघता सगळ्या खांबांची रांग झाली आणि त्या रांगेत एकच हात पूर्ण लांबीचा, आडवा, जागचा हलायला तयार नाही. शेंगदाणा मी पुडीत परत टाकला.

"काय रे, किडका लागला?" कुरियाकोसने विचारलं.

"ती क्रेन बघ. आडवी."

"मी शुक्रवारी क्रेन बघत नाही." कुरियाकोस आमच्याच साइटवर शटरिंगचा सुतार आहे, माझ्या खोलीतला, कोट्टयमचा ख्रिस्ती. "आमच्या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला शुक्रवारीच खिळे ठोकले. तेव्हापासून सुताराने शुक्रवारी कामाचं नाव काढू नये."

"कुणाची असेल?"

"कुणाची का असेना. तुझ्या बापाचं काय जातं?"

बापाचं काही जात नव्हतं, माझंच जात होतं. निळ्या काचांचा जो जाड मनोरा आहे त्याच्या उजव्या खांद्यामागे आमची इमारत, आणि हा आडवा हात त्या खांद्यावरूनच बाहेर आलेला दिसत होता. पण त्या खांद्यामागे आणखी दोन इमारती चढताहेत, दुसऱ्या कंपन्यांच्या, आणि लांबून कोण कुणाच्या मागे हे कळत नाही. मी डोळे बारीक केले. मधल्या पाण्यावर पिवळट धुरळा पसरायला लागला होता, अजून झिरझिरीत होता. त्यातून तो हात एकदा माझा वाटे, एकदा परका. स्वतःचं पोर गर्दीत ओळखू येऊ नये तसली लाज वाटली. वर बसून मी सगळं शहर ओळखतो. कुठल्या गच्चीवर कुणी चटया वाळत घातल्यात, कुठला पोलीस कुठल्या झाडाखाली गाडी लावून झोपतो, सगळं. माझी क्रेन मात्र मी बाहेरून कधी बघितलीच नव्हती. सकाळी अंधारात तिच्या पायाशी जायचं, तिच्या पोटातल्या शिड्यांवरून चढायचं, संध्याकाळी उतरून मान खाली घालून बस गाठायची. तिच्यात राहिलो, पण तिच्या तोंडाकडे बघायची वेळच आली नाही.

काल ब्रेक सोडला होता का? विचार इतका साधा होता की मी त्याला हसून बाजूला सारणार होतो. सोडला असणारच. उतरण्याआधी माल उचलायचा आकडा वर ओढून घ्यायचा, तो सरकवणारी ट्रॉली क्रेनच्या मनोऱ्याजवळ आणायची, केबिनमागच्या फळीवर जाऊन लाल दांडा वर ओढायचा, की मान मोकळी. मग वीज बंद, पाण्याची बाटली, डबा, शिडी. हे मी इतक्या वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. डोळ्यांसमोर कालचा दांडासुद्धा आला, वर ओढलेला, त्याच्या टोकाचा रंग माझ्याच हाताने झिजलेला, आणि मला हायसं वाटलं. पुडीतले दोन दाणे घेतले. ते चावत असताना संडास आठवला.

काल सगळं बंद करून मी बाटली आणि डबा उचलला होता, एक पाय शिडीवर ठेवला होता, तेवढ्यात वॉकीटॉकीवर गुलरेज बोलला. गुलरेज खान आमचा लिफ्टिंगचा सुपरवायझर, मर्दानचा पठाण. माणूस वाईट नाही, फक्त त्याला संध्याकाळी पाच वाजता कामं आठवतात. "सैदलवी, एकच राहिलं. वरच्या स्लॅबवरचा तो प्लॅस्टिकचा संडास खाली घे, उद्या ट्रकवाला न्यायला येतोय." मी शिवी गिळली. परत गेलो, दांडा खाली दाबला, वीज चालू केली. स्लॅबवरून मला सिग्नल देणाऱ्या टेकबहादूरने पट्टे बांधले आणि वॉकीटॉकीवरून कानात म्हणाला, "इक्का, हळू घ्या हां, आत कुणी बसलेलं असलं तर आपल्या दोघांनाही बद्दुआ देईल." खाली सगळी पोरं वर बघून टाळ्या वाजवत होती, तो निळा संडास आभाळातून पालखीसारखा चालला होता आणि मीही हसत होतो. संडास टेकला, पट्टे सुटले, आकडा वर आला. इथपर्यंत सगळं लख्ख आठवतं. त्यानंतर एकदम मी खाली आहे, टेक माझी बाटली धरून उभा आहे, अजून हसतोय. मधलं काहीच नाही. डोळ्यांसमोर जो वर ओढलेला दांडा येत होता तो संडासाच्या आधीचा की नंतरचा?

मी मधलं आठवायचा प्रयत्न केला आणि जितका केला तितके दांडे दिसायला लागले, सगळे वर ओढलेले, कालचे, परवाचे, मागच्या रमजानमधले, जुन्या साइटवरचे. हात रोज तेच करतो, म्हणून तो कुठल्या दिवशीचं काहीच सांभाळून ठेवत नाही. एकदा कामाचा शेवट करून टाकला की मन मोकळं होतं. मग मध्ये आलेला एक संडास हे काम वाटतच नाही, ती गंमत असते. मी वीज बंद केली असेल, शिडीला लागलो असेन आणि आतून कुणीतरी सांगितलं असेल, दांड्याचं झालंय, मघाशीच झालंय. हे पटलं की अंगाला घाम फुटायचा. मग वाटायचं, छे, मी, सैदलवी, आणि दांडा विसरेन? मग पुन्हा घाम. नमाजीत असा घोळ होतो कधी कधी, रकात, म्हणजे नमाजीची आवर्तनं, तीन झाल्या की चार. आमच्या गावच्या, परप्पनंगडीच्या मदरशातले उस्ताद सांगायचे, शंका आली की कमी धरायच्या आणि एक जास्त पढायची, उगाच वाद घालत बसायचं नाही. त्या हिशेबाने दांडा सोडलेला नाही असं धरून चालायला हवं होतं, उठून काहीतरी करायला हवं होतं. मी कठड्यावर बसून राहिलो. खाडीवरून येणारी वाळू आता ओठांना लागत होती.

"गप्प का झालास?" कुरियाकोस म्हणाला. "कदीजाचा फोन आला होता का?"

"नाही."

"मग चेहरा का असा? बायकोने न ओरडता एवढा उतरलेला चेहरा मी प्रथमच बघतोय."

त्याला सांगावंसं वाटलं. पण कुरियाकोसच्या पोटात काही राहत नाही, त्याच्या पोटात फक्त मासे राहतात. त्याला कळलं की कॅम्पला कळलं, कॅम्पला कळलं की गुलरेजला. आणि गुलरेज कितीही चांगला असला तरी या एका बाबतीत त्याच्या हातात काही नाही. रोमेल नावाचा फिलिपिनो आमच्या मागच्या साइटवर दुसऱ्या क्रेनवर होता. त्याची क्रेन पडली नव्हती, कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. वाऱ्याच्या एका रात्रीनंतर सकाळी ती आडवी सापडली, एवढंच. दुपारी त्याला ऑफिसात बोलावलं. संध्याकाळी तो खोलीत आला तेव्हा बरोबर कॅम्पचा रखवालदार होता आणि रोमेल एक एक शर्ट नीट घडी करून बॅगेत ठेवत होता, जणू घड्या चांगल्या घातल्या तर निर्णय बदलेल. त्याचं लायसन काढून घेतलं, आखातातल्या कुठल्याही क्रेनवर पुन्हा चढायचं नाही. भाताचा कुकर तो विसरून गेला. आम्ही अजून त्यातच भात करतो. तेव्हा मी त्याच्यावर चिडलो होतो. असा कसा विसरतो माणूस, म्हणालो होतो, सगळ्यांसमोर.

मला परत पाठवलं तर मी कुठे जाईन? घरी, सगळे म्हणतील, घरी जाशील. पण घरी मी पाहुणा आहे. कदीजा पहिले चार दिवस तांदळाच्या पत्र्या, आमच्याकडच्या पातळ भाकऱ्या, करते, मग तिला तिची कामं असतात. मी ओसरीत बसतो आणि काय करायचं ते मला कळत नाही. गावातल्या रस्त्याने चालताना माणसं फार जवळून जातात. मला जमिनीवर नीट चालता येत नाही असं माझी मुलगी सफीना म्हणते, उप्पा, तुम्ही असे चालता जणू खाली कुणी झोपलंय. मी या देशात आलो तेव्हा खड्ड्यात होतो, पायाच्या खड्ड्यात, डोक्यावर सळ्यांच्या मोळ्या घेऊन. वरून क्रेनचा आकडा यायचा आणि त्याच्या सावलीत मान घालून आम्ही पळायचो. तेव्हाच ठरवलं की एक दिवस सावली टाकणाऱ्या जागी जायचं. ते जमलं. त्या काचेच्या खोलीत माल उचलताना माझा आवाज फक्त एकाला ऐकू येतो आणि त्याचा फक्त मला. तिथे मी कुणाचा नोकर नाही. आणि भीती अशी होती की ते सगळं एका संडासापायी जाईल, लोक हसतील, कुरियाकोस आयुष्यभर सांगत बसेल.

ही माझ्या स्वतःसाठीची भीती होती. तिच्या खाली दुसरी होती, तिच्याकडे मी बघत नव्हतो. आमच्या गावी किनाऱ्यावर नांगरलेल्या होड्या वाऱ्याला तोंड करून उभ्या राहतात, वारा फिरला की सगळ्या फिरतात. माझ्या मामाने एकदा नवी होडी चोरीला जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना दोर बांधले. वारा आला, बाकीच्या फिरल्या, तिला फिरता येईना. तिने तो वारा पूर्ण अंगावर घेतला. सकाळी आम्ही फळ्या गोळा केल्या. मी लहान होतो, मला त्या फळ्यांवरचा ताजा रंग बघून वाईट वाटलं होतं. होडीत कुणी नव्हतं. आमच्या साइटवर मात्र आज माणसं होती. गुरुवारी स्लॅब भरला की शुक्रवारी त्याच्यावर कुणीतरी पाणी मारत राहावं लागतं, ओली गोणपाटं अंथरावी लागतात, नाहीतर या उन्हात तो भेगाळतो. आठवडाभर सिग्नल देणारा टेकबहादूर शुक्रवारी ओव्हरटाइमला पाणी मारायला जातो, चार जणांना घेऊन. आणि वाळू सुटली की ते आडोशाला कुठे बसतात ते मला माहीत होतं, क्रेनच्या पायाशी गोणपाटांची जी पत्र्याची खोली आहे तिथे.

मी फोन काढला. कुरियाकोसपासून थोडा लांब गेलो, खजुराच्या झाडाशी. टेकचं नाव शोधताना दोनदा चुकलो. टेक माझ्या वयाचाच आहे, ओखलढुंग्याचा, पांढरी होत चाललेली मिशी. मला इक्का, म्हणजे दादा, म्हणायला तो मलबारी पोरांकडून शिकला. आंधळा माल उचलायचा असतो, म्हणजे मला खालचं काही दिसत नसतं, तेव्हा तो जे सांगतो ते मी करतो. थोडं वर, थोडं डावीकडे, थांबा, थांबा इक्का, आता देवाचं नाव घ्या आणि सोडा. त्याच्या शब्दावर मी टनांनी लोखंड माणसांच्या मधोमध ठेवलंय.

"इक्का! इकडे नुसती वाळू," तो ओरडून बोलत होता. "खोलीत बसलोय आम्ही. दात कचकच वाजतायत."

"टेक, बाहेर जाऊन वर बघ. माझा हात कुठल्या बाजूला आहे?"

"तुमचा हात तुमच्याजवळ नाही का?" मागे कुणीतरी हसलं.

"टेक, मस्करी नको. क्रेनचा हात. खाडीकडे आहे की आडवा?"

तो बाहेर गेला असावा, कारण फोनमध्ये नुसता वारा भरला. मग तो परत आला. "काही दिसत नाही इक्का. पाचव्या मजल्याच्या वर सगळं पिवळं. का हो?"

मी मागे बघितलं. खाडीपलीकडचं सगळं गेलं होतं. मनोरे नाहीत, खांब नाहीत, तो आडवा हात नाही, निळी काचसुद्धा नाही. पिवळी भिंत पाण्यावरून आमच्याकडे चालत येत होती. कठड्यावरची माणसं डोक्याला फडकी बांधून उठायला लागली होती.

"टेक, ऐक. मला वाटतं काल दांडा खालीच राहिला. त्या संडासाच्या नादात."

टेकला दांडा म्हणजे काय ते माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत तो कधी कधी वर येऊन बसायचा आणि मीच त्याला एकेक दाखवलं होतं.

"सगळ्यांना घेऊन तिथून निघ," मी म्हणालो. "गेटच्या बाहेर जा. लांब."

"निघतो. पण गेटवरचा विचारेल, काम टाकून कुठे चाललात. काय सांगू? गुलरेजभाईंना कळवू का?"

"नको."

हे नको मी फार लवकर म्हणालो. म्हणून झाल्यावर मलाही ते ऐकू आलं. टेकला तर आलंच असणार. माझा आवाज ऐकून माझ्या मनातलं ओळखायचा त्याचा धंदाच आहे. तो आता काय म्हणणार ते मला माहीत होतं. अल्लाशपथ सांगतो, मला माहीत होतं, आणि मी त्याला म्हणू दिलं.

"मी जाऊन सोडून येऊ का? शिडी आतूनच तर आहे. ह्यांना गेटवर पाठवतो आणि जातो. कुणाला कळायचं नाही."

नाही म्हणायला किती वेळ लागतो? एक श्वाससुद्धा नाही. अशा वाऱ्यात क्रेनवर कुणी चढत नाही, हे मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. मी खजुराच्या खोडाला धरून उभा होतो, फोन कानात रुततोय असा दाबलेला, आणि मी गप्प राहिलो. हो म्हणालो नाही. पुढे कधी कुणी विचारलंच तर मी हो म्हणालो नव्हतो, एवढा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात आला, आणि तो आल्याची मला शिसारी आली. टेक म्हणाला, "ठीक आहे इक्का, वर गेलो की फोन करतो," आणि फोन बंद झाला.

मी लगेच परत लावला. वाजत राहिला. चढताना कोण फोन घेणार, दोन्ही हात लागतात. मी लावत राहिलो. आता आता मी नको म्हणणार होतो, ओरडून म्हणणार होतो, आता माझ्यात हिंमत आली होती आणि ऐकायला कुणी नव्हतं. माझे पाय शिडी चढायला लागले. एक टप्पा, लोखंडी फळी, दुसरा टप्पा. खाली हवा गरम असते, मधे कुठेतरी गार होते, तिथून मनोरा डोलतो हे कळायला लागतं. नेहमीच्या वाऱ्यातही कळतं. नवखा माणूस तिथे डोळे मिटतो. डोळे मिटले की आणखी डोलतं. टेक मला कधी भ्यालेला दिसला नाही, पण तो वर यायचा ते शांत दुपारी, खुबूसच्या रोटीत गुंडाळलेली अंडी घेऊन. हातमोजे तरी होते का त्याच्याकडे? पाणी मारणाऱ्याचे हात ओले असतात.

"सैदलवी!" कुरियाकोस तोंडाला रुमाल बांधून माझ्यामागे उभा होता. "बस आली तिकडे. तू झाडाला काय मिठी मारून बसलास?"

मी त्याला सगळं सांगितलं. भराभर, संडासापासून, कुठलंही वाक्य पुरं न करता. मला वाटलं होतं तो हसेल. त्याचे रुमालावरचे डोळे मोठे होत गेले.

"आणि तू त्याला चढू दिलंस?"

"मी चढ म्हणालो नाही."

"गाढवा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणतात, तू तो दुसऱ्याच्या पाठी लावून दिलास!" त्याने स्वतःचा फोन काढला. "गुलरेजला लावतोय मी. मग तुझं काय व्हायचं ते होऊ दे."

मी त्याचा हात धरायला पुढे झालो, आणि धरला नाही. तो पाठ वळवून फोनवर ओरडायला लागला. नेमका तेव्हाच माझा वाजला.

"इक्का." टेकला दम लागला होता, शब्द तुटत होते. "आलो. फळीवर आहे. बापरे, इथे तर..."

"दांडा वर ओढ. दोन्ही हातांनी. आधी कठडा धर."

"इक्का, दांडा वरच आहे."

"ओढलास?"

"मी हातच लावला नाही. वरच होता. मान फिरतेय, आपोआप फिरतेय. सोडलाच होता तुम्ही."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा आनंदच झाला, छातीत भरून आला. माझ्या हातांनी काम केलं होतं. मला न विचारता, नेहमीसारखं. तो आडवा हात दुसऱ्या कुणाचा होता. असेल बिचारा कुणीतरी कुठेतरी शेंगदाणे खात. मी वाचलो होतो. मी अल्हम्दुलिल्ला म्हणालो, मोठ्याने, आणि फोनमधून टेकही हसला. मग तो म्हणाला, "मग उतरू?" आणि ते सगळं, छातीत भरलेलं, एका क्षणात थंड पडलं.

वाळूची भिंत कॉर्निशवर पोचली होती. रस्त्यावरचे दिवे भर दुपारी लागले. इथे, जमिनीवर, मला झाड धरून उभं राहावं लागत होतं. तिथे तो एका फळीवर होता आणि फळी फिरत होती. चढला तेव्हा वारा येत होता, आता आला होता. केबिनखालच्या पहिल्या शिडीला आडोसा नाही. तिथे दोन्ही हात सोडून आधार बदलावा लागतो.

"नको," मी म्हणालो. "उतरू नकोस. केबिनमध्ये शीर, दार लावून घे, आतली कडी घाल. माझ्या सीटवर बस आणि पट्टा लाव. वारा पडेपर्यंत तिथेच."

दार आपटल्याचा आवाज आला. वारा एकदम लांब गेला आणि टेकचा श्वास जवळ आला. "बसलो," तो म्हणाला. "इक्का, सगळं फिरतंय. दिसत काही नाही, पण पोटाला कळतंय."

"फिरू दे. फिरते म्हणजे बरं आहे. फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत. इक्का, हे टकटक काय आहे?"

"आकड्याची साखळी. ती वाजतेच."

"आणि कण्हल्यासारखं?"

"मानेचं चक्र. त्याला तेल दिलं नाही कुणी. मी कधीचा सांगतोय."

तो थोडा हसला. मी बोलत राहिलो. काचेवरचा तडतडाट म्हणजे वाळू, काच जाड आहे. पायाखालचा धक्का म्हणजे मनोऱ्याचा डोल, तो डोललाच पाहिजे, डोलला नाही तर मोडेल. मी हे सगळं अशा आवाजात सांगत होतो की जणू रोज संध्याकाळी मी हेच ऐकत चहा पितो. खरं म्हणजे अशा वाऱ्यात मी वर कधी बसलोच नव्हतो. कुणीच बसत नाही. याच्या अर्ध्या वाऱ्याला आमच्या केबिनमध्ये भोंगा वाजतो आणि आम्ही उतरतो. तो जे ऐकत होता ते आजवर कुठल्या ऑपरेटरने ऐकलं असेल मला ठाऊक नाही, मी एकेका आवाजाला मनाला येईल ते नाव देत होतो.

कुरियाकोसने माझा खांदा हलवला. त्याचा फोन त्याच्या हातात होता, त्यातून गुलरेजचा आवाज बारीक चिरकत होता. "तो सिव्हिल डिफेन्सच्या बंबवाल्यांना बोलावतोय. विचारतोय, त्याला वर पाठवला कोणी?"

"मी पाठवला, सांग."

कुरियाकोसने फोनवर हात ठेवला.

"सांग ना! सैदलवीने पाठवला. आणि लवकर या म्हणावं." मग मी फोन पुन्हा तोंडाशी घेतला. "टेक, आहेस ना? बोल काहीतरी. घरचं सांग."

"घरचं काय, इक्का," तो म्हणाला, आणि मुद्दाम सावकाश बोलायला लागला, जसा तो मला माल उतरवताना बोलतो. थोरलीची दहावीची परीक्षा होती. गणितात ती त्याच्यावर गेली होती, म्हणजे तिला येत नव्हतं. धाकटी मात्र, धाकटी तर... आणि तो थांबला. मलाही ऐकू आलं. फोनमधून, वाऱ्याच्या मागून, खालून कुठूनतरी. साखळी नव्हती, चक्र नव्हतं, वाळू नव्हती. जाड लोखंड दातांत धरून कुणी हळूहळू चावावं तसा एक लांब आवाज, थांबला, आणि पुन्हा आला. असला आवाज मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. कुरियाकोसने माझ्या तोंडाकडे बघून छातीवर क्रूस काढला.

"इक्का," टेकने अगदी हळू विचारलं, "हा कसला?"

"हा होय," मी म्हणालो. "हा रोजचाच. धाकटीचं काय सांगत होतास?"